सात नंबरच्या मशीनची घंटा

आमच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं येत. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर आणि युनियनचे कार्यकर्ते. संपाचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं पत्रक, पाण्याच्या मोर्चाचं पत्रक, या कागदांवरच मी अक्षरं गिरवली. त्यामुळे माझ्या डोक्यात प्रत्येक विचार उद्गारचिन्हासकट यायचा. पुढे टायपिंग शिकलो तेव्हा कळलं की आमच्या मशीनवर उद्गारचिन्हाची वेगळी कळच नाही. आधी वरचा स्वल्प मारायचा, एक घर मागे यायचं, मग खाली पूर्णविराम मारायचा. एका उद्गाराला तीन ठोके लागतात हे कळल्यावर शहाणा माणूस तो जपून वापरतो. मला ते शहाणपण यायला एक मुलगी दुखवावी लागली.

आता मी डोंबिवलीत कॉम्प्युटर शिकवतो. मुलं पडद्यावरचं चुकलेलं अक्षर पुसतात आणि पुसल्याची खूणही राहत नाही. त्यांना मी सांगतो की आमच्याकडे चूक कागदावर राहायची, तेव्हा ती दंतकथा ऐकल्यासारखी बघतात. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

ठाणे पूर्वेला कोपरीत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर वैद्य बाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो पत्रकांची स्टेन्सिलं कापायला. मेणकागदावर रिबन न लावता टाइप केलं की अक्षराच्या आकाराची भोकं पडतात, त्यातून शाई दाबली की शे-दोनशे प्रती निघतात. माझी स्टेन्सिलं स्वच्छ येतात हे बाईंनी पाहिलं आणि मला शिकवायला ठेवून घेतलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. अकरावी-बारावीची मुलं मला सर म्हणायची आणि मी उगीच दाढी वाढवली होती.

इंग्रजीची वीस मशीनं होती; मराठीची थोडी आतल्या खोलीत वेगळी. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर. बाहेरच्याला वीस मशीनांचा नुसता कडकडाट ऐकू येतो. शिकवणाऱ्याला त्यात वीस माणसं ऐकू येतात. कोण कळा शोधतोय, कोण करंगळी वापरत नाही, कोण घरी भांडून आलंय, सगळं पाठमोरं उभं राहून कळतं. ओळ संपत आली की मशीनची घंटा वाजते, मग हाताने कॅरेज ओढून पुढची ओळ. सात नंबर कधीतरी जिन्यावरून पडलं होतं. त्याची घंटा ठणकन वाजायची नाही, खोकल्यासारखी ठक् करायची. ते मशीन कुणी मागायचं नाही. हेमाने मागून घेतलं.

हेमा अकरावीत होती. वडील लछूभाई, सिंधी. फाळणीनंतर त्यांचे आईवडील कोपरीत आले. बाजारात त्यांचं कटपीसचं छोटं दुकान. आई मंदा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. पूर्वी त्याच बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. दुकान आणि पाटी यांच्यामध्ये एक रस्ता होता, तो त्यांनी कसा ओलांडला ते सगळ्या कोपरीला पाठ होतं. मला तर ते लग्न म्हणजे चालतंबोलतं पत्रक वाटायचं. हेमाला ते काय वाटत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

खरं तर दिसत होतं. ती आजोळाहून खाडीच्या बाजूने यायची तेव्हा आधी आमच्या नळाशी जायची. दप्तरात चंदनाच्या साबणाची वडी असायची. हात कोपरापर्यंत धुवायची, वास घेऊन बघायची, पुन्हा धुवायची. मग ओल्या बोटांनी मशीनवर बसायची आणि कागदाच्या कडेला डाग पडायचे. मी त्या डागांवरून तिला ओरडायचो. आजोळी ती तिथली बोली बोले, घरी सिंधी आणि हिंदी, आणि आमच्याकडे पाठ्यपुस्तकातून कापून काढल्यासारखी मराठी. एकदा तिची मामेबहीण तिला हाक मारत जिन्यात आली, तर हेमा क्षणभर कुठल्या भाषेत ओ द्यायची ते ठरवू शकली नाही. नुसती उभी राहिली. मुलं वयात येताना हात, पाय, आवाज सगळंच नवं झालेलं असतं. हिला वर दर उंबऱ्यावर आणखी एक हेमा काढावी लागत होती. हे मला आज सुचतंय. तेव्हा मी कागदाचे डाग बघत होतो.

ती आली होती इंग्रजी टायपिंगसाठी. मी विचारलं, मराठी का नाही? ती म्हणाली, "इंग्लिश आमच्या घरात कुणाचंच नाही, सर. बरं पडतं."

या उत्तरावर कुणीही गप्प बसला असता. मी तिला मातृभाषेवर अर्धा तास ऐकवलं आणि मराठीच्या परीक्षेचा फॉर्मही भरायला लावला.

परीक्षा सरकारी असायची. पहिला पेपर वेगाचा: दिलेला उतारा सात मिनिटांत, ठरावीक चुकांच्या आत. ते सर्टिफिकेट असलं की कारकुनाच्या जागेला अर्ज करता यायचा. हेमाला ते का हवं होतं तेही तिने फॉर्म भरताना बाईंना सांगितलं होतं. उल्हासनगरच्या नातेवाइकांनी तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. लछूभाई एवढंच म्हणाले होते की सर्टिफिकेट आण, मग नोकरी बघ. नाही आलं तर बारावीनंतर मी त्यांना हो म्हणेन. म्हणजे त्या सात मिनिटांवर तिचं सगळं टांगलेलं होतं.

वेगाच्या सरावाला उतारे लागतात. बाजारात पुस्तकं मिळायची, त्यात रेशीम उद्योग आणि काटकसरीचे फायदे असले विषय. मला ते सपक वाटायचे. मी स्वतः इंग्रजी उतारे रचायचो आणि स्टेन्सिल कापून वाटायचो. समता, श्रमप्रतिष्ठा, पाणीवाटप. वैद्य बाई म्हणायच्या, "शब्दसंख्या बरोबर आहे ना, मग काय हवं ते लिहा." परीक्षेआधी आठ-नऊ दिवस उरले होते तेव्हा मी मिश्रविवाहावर उतारा रचला. नाव कुणाचंच घातलं नाही. मला वाटलं, नाव नसलं की झालं.

त्यातली काही वाक्यं अजून पाठ आहेत, मराठीत सांगायची तर: 'एका आजीचा देव माशावर बसून नदीतून येतो, दुसरी आजी समुद्राला नारळ देते. अशा घरात वाढणारी कन्या ही दोन्ही घरांची लाडकी असते. आपल्या या वारशाचा तिला अभिमान वाटतो. आनंदाने नांदणारे असे घर म्हणजे उद्याचा भारत होय.' शेवटी अर्थातच तीन ठोक्यांचं उद्गारचिन्ह.

तीनच्या बॅचला वीस प्रती वाटल्या आणि घड्याळ लावलं. मी पाठीवर हात बांधून खिडकीशी उभा राहिलो. मला माझाच उतारा वीस मशीनांवर वाजताना ऐकायचा होता. पहिल्या ओळीला सात नंबरची ठक् आली. दुसरीला आली. तिसरीला आली. मग आली नाही.

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, हे आपल्या हेमाचं घर ना?" त्याच्या बोलण्यात खोडी नव्हती, उत्तर आल्याचा आनंद होता. दोन-तीन मशीनं थांबली. कुणीतरी नाकाला रुमाल लावायची नक्कल केली आणि शेजारची हसली.

हेमाने कागद ओढला नाही. खटका सोडवून हलकेच काढला, माझी प्रत त्यावर ठेवून दोन्हींची घडी केली. मशीनवर काळं कव्हर घातलं, कोपरे नीट बसवले, खुर्ची आत सारली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिचं हॉल तिकीट माझ्या खणात होतं.

वैद्य बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाताना कव्हर घातलं का तिने?"

हो म्हणालो.

"मग ती रागावून गेलेली नाही. ठरवून गेली आहे." बाई चष्मा पुसत राहिल्या. "तुम्ही जिवंत पोरीचा उतारा केलात हो. वेळ लावून टाइप करायला दिलीत तिला."

मी म्हटलं, वर्गासमोर माफी मागतो. बाई म्हणाल्या, म्हणजे दुसरा उतारा. हॉल तिकीट घरी नेऊन द्या आणि कमी बोला.

कमी बोलणं मला जमलं नाही. लछूभाई दुकानात होते. घरी दारापाशीच त्यांची म्हातारी आई, हेमाची डाडी, कमळकाकडीच्या चकत्या करत बसली होती. साईं, बैठो, म्हणाली. मी उभ्यानेच सुरू झालो: माझा हेतू, समाजाची मानसिकता, हेमाचं भवितव्य, स्त्रीशिक्षण. ती चकत्या करत ऐकत होती. मग तिने आत जाऊन ताटलीत भाजी आणि एक रोटी आणून माझ्या हातात दिली. मी खात असताना म्हणाली, "मेरे को भाषण समझ में नहीं आता, बेटा. हमारा गाँव गया ना, तब भी लोग बहुत अच्छा बोलते थे."

मी उरलेली रोटी संपवून ताटली खाली ठेवली आणि पुढचं भाषण सोडून दिलं.

हेमा आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही. मंदाबाई आल्या, हॉल तिकीट घेतलं आणि माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. "तिनी दिलाय तुमाना. ती भायेर नाय येनार." जिन्यापर्यंत मला पोचवायला आल्या.

जिन्यातच उघडला. माझाच उतारा होता, मी वाटलेली प्रत. आम्ही चुका तपासायचो तसा तांबड्या पेन्सिलीने तपासलेला: चुकलेल्या शब्दाभोवती गोल, बाजूला समासात दुरुस्ती. मात्र टाइप करण्यातली चूक एकही नव्हती. 'दोन्ही घरांची लाडकी' याला गोल होता, बाजूला लिहिलं होतं, 'मामाकडे सिंधीण. इथे मच्छीवाली.' 'आनंदाने नांदणारे' याला गोल. 'मासे केले की आई खिडक्या लावून घेते. डाडी मासे खाते, पण शेजारी विचारलं तर नाही म्हणते.' 'अभिमान' या शब्दाला नुसता गोल होता, बाजूला काही नाही. शब्द गळला असेल तर आम्ही त्या जागी खूण करून तो समासात लिहायचो. तशी एक खूण आजीच्या वाक्यानंतर होती आणि समोर लिहिलं होतं: 'आईने पाटी सोडली. ते सगळं गळलं.' खाली बेरीज. 'परवानगीपेक्षा जास्त चुका. नापास.'

मंदाबाई म्हणाल्या, "काय लिवलाय? मना वाचता नाय येत."

सगळं वाचून दाखवायचा धीर मला नव्हता. पण ती एक ओळ त्यांची होती. मी वाचली.

त्यांनी विचारलं, "पाटीचा लिवलाय तिनी?" मी मान हलवली. त्यांनी कठडा धरला. मग माझ्याकडे न बघता बोलल्या. लग्न झाल्यावर सासू म्हणाली पाटी नको, नवऱ्याने मान खाली घातली, त्यांनी पाटी आईच्या घरी उलटी घालून ठेवली. लेकीसमोर तो विषय कधी काढला नाही, कारण लेक सारखे हात धुताना दिसायची. "मना वाटला तिना लाज वाटते माजी," त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

पुढच्या दिवसांत मायलेकींत काय बोलणं झालं मला माहीत नाही. ते माझं नव्हतं. मी फक्त एक केलं: सात नंबरवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही, त्याला तेल दिलं, नवी रिबन घातली.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. परीक्षेला मशीन आपलं आपण न्यावं लागे. केंद्रावर नुसती बाकं असायची. प्रत्येक मशीनची कळ वेगळ्या दाबाला बसते, त्यामुळे सवयीचं मशीन नसेल तर पोहणाऱ्याचे हात बांधल्यासारखं होतं. आमचं केंद्र रुळांपलीकडे, ठाणे पश्चिमेच्या एका शाळेत होतं. सकाळी टेम्पो यायचा, मुलं आपापलं मशीन चढवायची आणि सोबत जायची. ज्या मशीनचा उमेदवार हजर नाही ते टेम्पोत घालायचं नाही, हा बाईंचा नियम. त्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता. टेम्पोवाल्याने तीनदा हॉर्न दिला. बाई पुढे बसल्या. मी सात नंबरवर पुन्हा कव्हर घातलं आणि कुलूप लावायला लागलो.

तेव्हा जिन्यात पावलं वाजली. हेमा, आणि मागून मंदाबाई.

हेमाने माझ्याकडे सरळ पाहिलं. "सर, मी इंग्लिशच देणार आहे. मराठीचा पेपर देणार नाही."

माझ्या जिभेवर मातृभाषा आली होती. मी ती गिळली. मशीन काढून दिलं, कव्हर काखेत घेतलं.

आता न्यायचं कसं? रिक्षाला कोपरीच्या पुलावरून मोठा वळसा, शिवाय हादऱ्याने कॅरेज सरकते. पायी स्टेशनच्या पुलावरून पंधरा मिनिटं. पण लोखंडाचं ते धूड घेऊन पुलाच्या पायऱ्या मी चढू शकलो असतो असं मला वाटत नाही. मी तरीही बाह्या सावरल्या. मंदाबाईंनी मला हाताने बाजूला केलं.

"तुमचा काम नाय, सर. चुंबल कर गो."

हेमाने एकदा आईकडे पाहिलं. मग खांद्यावरची ओढणी काढली, दोन पिळे दिले, गोल वळवली, टोक आत खोचलं. अशी घट्ट चुंबळ मी बाजारातल्या बायकांनाच करताना पाहिली होती. खाडीवर तिने ते कधी शिकून ठेवलं होतं कोण जाणे. तिने ती आईच्या डोक्यावर ठेवली आणि आम्ही दोघांनी मशीन उचलून वर दिलं. मंदाबाईंची मान एकदा हलली आणि स्थिर झाली. सतरा-अठरा वर्षं त्यांनी डोक्यावर ओझं घेतलं नव्हतं, पण चालताना एक हातही वर गेला नाही.

बाजार नुकताच मांडला जात होता. मासळीकडच्या एकीने ओळखून हाक दिली, "काय गो मंदे, कनची मच्छी ती?"

"टकटक," मंदाबाई न थांबता म्हणाल्या. "तुज्याना नाय परवरायची."

त्या रांगेत हशा पिकला. मी हेमाकडे बघायचं टाळलं, तरी दिसलंच. ती हसत होती.

लछूभाई दुकानाची फळी काढत होते. समोरून बायको डोक्यावर टाइपरायटर घेऊन येतेय, हे त्यांना कळायला थोडा वेळ लागला. आजूबाजूचे दुकानदार बघायला लागले होते. लछूभाई रस्त्यात उतरले आणि म्हणाले, "मंदा, दे मेरे को."

"मान मोरंल तुमची," त्या म्हणाल्या. "चला बाजूला व्हा, पोरीला उशीर होतोय."

लछूभाई बाजूला झाले नाहीत. त्यांनी फळी पुन्हा लावली. माझ्या काखेतलं मशीनचं काळं कव्हर मागून घेतलं, त्याची कापडवाल्याच्या हाताने चौकोनी घडी केली आणि ते छातीशी धरून आमच्यासोबत पुलाच्या पायऱ्या चढायला लागले. एकदाही पुढे गेले नाहीत, एकदाही मागे राहिले नाहीत.

निकालाचं इथेच सांगून टाकतो. ती इंग्रजीत पास झाली. बारावी केली, एका कंपनीत लागली. स्थळ आपोआप मागे पडलं. डाडीचं आणि पाटीचं काही एका दिवसात मिटलं नाही; मंदाबाई पुन्हा बाजारात बसल्या त्यालाही दोन वर्षं गेली. मराठीची परीक्षा हेमाने कधी दिली नाही आणि मी कधी विचारलं नाही. तो तांबड्या गोलांचा कागद माझ्याकडे आहे. नंतरच्या आयुष्यात मी कुणाबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटल्या की आधी तो काढून बघतो. हा लेखही तिने वाचला, दोन ठिकाणी गोल केले, ते शब्द मी बदलले. नावं बदललेली आहेत.

तर त्या सकाळी. आम्ही पोचलो तेव्हा मुलं बसत होती. हेमा आत गेली, दार लागलं. शाळेच्या पटांगणात मंदाबाई भिंतीला टेकून उकिडव्या बसल्या, मांडीवर ती पिळलेली ओढणी. लछूभाई कव्हर घेऊन उभेच. आत कुणीतरी वेळ सुरू केल्याचं सांगितलं आणि साठ-सत्तर मशीनं एकदम सुटली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज.

मंदाबाईंनी विचारलं, "यातला कनचा आवाज तिचा?"

मी डोळे मिटले. साठ-सत्तर मशीनांत एक शोधणं अवघड असतं. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, घंटा चहूकडून येत होत्या, सगळ्या सुरेल, सगळ्या परक्या. मग त्यांच्याखालून, खोकल्यासारखी, एक ठक्.

"हा," मी म्हणालो.

दोघांनी कान दिले. ओळ संपायला लागतो तेवढा वेळ गेला. ठक्. मंदाबाईंनी बोट वर केलं. मग तिसरी. त्या दिवशी चौथी आली नव्हती.

ठक्.

लछूभाई हळूच खाली, बायकोच्या शेजारी जमिनीवर बसले. मंदाबाई प्रत्येक घंटेला बोट उचलत राहिल्या.